हातच्या वस्तूंची विक्री : गावचे गिऱ्हाईक आणि बाहेरचा पर्यटक

भाद्रपदात गौरी येण्याच्या आधीच्या आठवड्यात कोकणातल्या आठवडी बाजारांत बांबूच्या सुपांच्या राशी लागतात. नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे वाण ठेवण्याची रीत, सुपांनी भरतात. पाच, दहा किंवा घराच्या रीतीप्रमाणे त्याहून जास्त सुपे लागतात. अनेक गावांत सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौरी आल्या तरच हा पहिला ओवसा होतो. त्यामुळे तसा योग असलेल्या वर्षी सुपांची मागणी एकदम चढते आणि नसलेल्या वर्षी उतरते. जो विणणारा दिनदर्शिका हाती आल्याबरोबर गौरीचे पान पाहतो, तो उन्हाळ्यापासूनच सुपे बांधून ठेवायला लागतो. त्याच बाजारात गोव्याला निघालेला एखादा पर्यटक गाडी थांबवून सूप हातात घेतो, त्याची वीण पाहून खूश होतो आणि ते परत ठेवतो. वस्तू त्याला आवडलेली असते, पण ती गाडीत मावणार नाही आणि घरी तिचे करायचे काय, हेही त्याला सुचत नाही.

सूप, परडी, पणती, करवंटीची पळी, जुन्या लुगड्यांची गोधडी, लाकडी फळे, चामडी चपला यांना साध्या वस्तू म्हणायचे ते एवढ्यासाठी की त्यांना मोठे यंत्र किंवा मोठे भांडवल लागत नाही, कच्चा माल जवळपास मिळतो आणि एक नग काही तासांत किंवा फार तर चार-दोन दिवसांत हातावेगळा होतो. त्यामागचे कसब मात्र साधे नसते. चांगले कसब असूनही धंदा बसतो, तेव्हा वस्तू कोणासाठी करायची हे आधी ठरलेले नसते, असेच बहुधा आढळते. गावच्या गिऱ्हाइकाला आणि पर्यटकाला एकच वस्तू दोन किमतींना विकण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण तो फार दिवस चालत नाही. एकाच कसबातून दोघांसाठी दोन वेगळ्या वस्तू घडवण्याचा मार्ग चालतो.

गावचे गिऱ्हाईक वस्तू कामासाठी घेते किंवा रीतीसाठी. कामाच्या वस्तूची त्याला पक्की पारख असते. सूप घेणारी बाई आधी कड दाबून पाहते, मग सूप उजेडाकडे धरून विणीतून कण्या गळतील का हे तपासते, आणि गेल्या वर्षीचा भाव तिला तोंडपाठ असतो. अशा गिऱ्हाइकाकडून नगामागे फार सुटत नाही. पण ते दर वर्षी येते, आणि कधी येईल हे आधी माहीत असते. पर्यटकाच्या बाबतीत ही खात्री कोणी देऊ शकत नाही. पाऊस लांबला, घाट बंद पडला, परीक्षा पुढे गेल्या की पर्यटनस्थळाचा बाजार ओस पडतो. संक्रांत मात्र चुकत नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची वाणे लुटली जातात. वाणाची वस्तू कोणी एकटी घेत नाही. पंचवीस, पन्नास, कधी शंभर नग एकदम लागतात. ते सगळे सारखे, हलके, पिशवीत मावणारे आणि घेणारीने मनाशी ठरवलेल्या रकमेत बसणारे हवेत. नगामागे चार रुपये वाढले तरी पन्नास नगांवर दोनशे रुपये होतात, आणि तेवढ्यावरून बाई शेजारच्या प्लॅस्टिकच्या डब्यांकडे वळते. म्हणून वाणासाठी मोठ्या परडीची छोटी नक्कल करून भागत नाही. कमी पट्ट्यांत, कमी वेळात होणारी वेगळी चीज बेतावी लागते. कुंकवाचा करंडा, देवापुढे फुले ठेवायची वीतभर परडी, तुकड्यांची शिवलेली छोटी पिशवी अशा वस्तू इथे खपतात. मार्गशीर्षात काम सुरू झाले नाही तर पन्नासांची मागणी पुरवता येत नाही.

लग्नसराईतले रुखवत याच्या बरोबर उलट असते. तिथे नग एकच, पण तो मांडवात सगळ्यांनी पाहायचा असतो. सजवलेले सूप, बैलगाडी, तुळशीवृंदावन, भातुकलीचा संच या वस्तू ऑर्डर देऊन करून घेतल्या जातात आणि किमतीपेक्षा नजरेत भरणे महत्त्वाचे ठरते. बारशाला गोधडीच्या शिलाईचे मऊ दुपटे लागते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुले लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. नागपूरच्या बाजारात तेव्हा तळहाताएवढ्या बैलापासून गाड्यावर ओढायच्या बैलापर्यंत सगळी मापे दिसतात. दिवाळीला पणत्या, आकाशकंदील आणि मुलांच्या किल्ल्यांवरचे मावळे. या सगळ्या विक्रीत वेळ हाच मोठा नियम आहे. लक्ष्मीपूजन झाल्यावर पणतीला कोणी भाव विचारत नाही, आणि उरलेला माल वर्षभर घरात जागा अडवतो.

कोकणात गावचे गिऱ्हाईक आणि पर्यटक या दोघांच्या मधले तिसरे गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे चाकरमानी. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात तो मुंबईहून गावी येतो. सूप, रोवळी, करवंटीची पळी कशासाठी असते हे त्याला समजावून सांगावे लागत नाही, आणि त्याला त्या वस्तूंची ओढही असते. पण त्याचे स्वयंपाकघर चाळीतले किंवा फ्लॅटमधले असते. दोन पायली तांदूळ पाखडायचे सूप तिथे भिंतीलाही टांगता येत नाही. याच गिऱ्हाइकासाठी माप लहान करणे उपयोगी पडते. वाटीभर तांदूळ धुवायची रोवळी, भाजी निवडायचे छोटे सूप, कांदे-लसूण टांगायची जाळीदार टोपली या वस्तू तो खरोखर वापरतो, शेजाऱ्यांना दाखवतो आणि पुढच्या वर्षी चार जणांची मागणी घेऊन येतो. कोकणातल्या विक्रेत्यांनी या गिऱ्हाइकाकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही. पर्यटकाच्या मागे लागताना हा घरचा माणूस हातून निसटतो.

पर्यटकाची गरज अगदी वेगळी असते. त्याच्याकडे दुकानात घालवायला थोडी मिनिटे असतात. सामान आधीच भरलेले असते. वस्तू कशाची, कशी केली, तिची रास्त किंमत काय, हे त्याला ठाऊक नसते, म्हणून फसवले जाण्याची धास्ती मनात असते. घरच्यांसाठी एक बरी वस्तू आणि ऑफिसातल्या पाच-सहा जणांसाठी स्वस्त वस्तू असा त्याचा हिशेब असतो. म्हणून मांडणीत तीन थरांच्या किमती लागतात. सहज उचलावी अशी छोटी वस्तू, घरी नेण्याजोगी मधली वस्तू, आणि कसब दाखवणारी एक-दोन मोठी. मोठी वस्तू वर्षातून थोडीच खपते, पण तिच्यामुळे छोटीची किंमत पटते.

पर्यटकही सगळे एका जातीचे नसतात. पंढरपूरला येणारा वारकरी तुळशीची माळ, टाळ, चिपळ्या घेतो. त्या त्याला रोजच्या भजनासाठी हव्या असतात आणि तुळशीच्या मण्याचे खोटे लाकूड तो लगेच ओळखतो. देवस्थानचा भाविक प्रसादाबरोबर वाटायला म्हणून घेतो, त्यामुळे त्याची खरेदी डझनावारी आणि कमी किमतीची असते. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीची भांडी, टोपल्या, चटया घ्यायला आजूबाजूच्या गावांतली माणसे येतात आणि त्यांच्यामधून पर्यटक फिरतात. हणजुणच्या बुधवारच्या बाजारात मात्र बराचसा माल राजस्थान, काश्मीर आणि उत्तर कर्नाटकातून आलेला असतो. गोव्याची आठवण म्हणून विकत घेतलेल्या वस्तूचा गोव्याशी संबंध नसणे ही तिथल्या कुंभारांची आणि टोपल्या विणणाऱ्यांची मोठी हानी आहे. पर्यटकांच्या गर्दीचा फायदा गावच्या हाताला आपोआप मिळत नाही, हे तिथे उघड दिसते.

दोन्ही गिऱ्हाइकांची घडी चांगली बसलेली पाहायची तर सावंतवाडीची चितार आळी पाहावी. संस्थानच्या काळापासून चितारी लोक इथे लाकडावर रंगकाम करत आले. स्थानिक गिऱ्हाइकासाठी रंगीत पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, लाटणी, भोवरे आणि भातुकली असा माल होता. त्यातच लाकडी फळे आली. पांगाऱ्याचे लाकूड वजनाला हलके आणि कापायला मऊ म्हणून त्यासाठी पसंत केले जाई. गोल फळे यंत्रावर कातून काढतात. केळ्यासारखी वाकडी फळे तासून, कानशीने आणि पॉलिशपेपरने घासून आकाराला आणतात. लाकडाची छिद्रे बुजवणारा थर देऊन पुन्हा घासले की पृष्ठभाग गुळगुळीत होतो. खरी कारागिरी त्यानंतरच्या रंगात असते. आंब्याचा पिवळा सगळीकडे सारखा लावला तर तो आंबा वाटत नाही. देठाजवळ हिरवट झाक, खांद्यावर पुसट लाली आणि सालीवरचे बारीक ठिपके आल्यावर तो आंबा होतो. वर रोगण चढवले की फळ पुरे.

पर्यटकासाठी यापेक्षा चपखल वस्तू सुचणे कठीण आहे. फळ काय आहे हे कोणत्याही भाषेच्या माणसाला सांगावे लागत नाही. ते फुटत नाही, नासत नाही, खिशात मावते. एक फळ स्वस्तात देता येते, सहा फळांची टोपली मधल्या किमतीला जाते आणि पाटासह केलेला मोठा संच दिवाणखान्यात मांडला जातो. किमतीचे तीन थर वस्तूतच आहेत. आणि ज्या यंत्रावर फळ कातले जाते त्याच यंत्रावर लाटणे निघते. पावसाळ्यात पर्यटक नसला तरी पोळपाट-लाटण्याची, चौरंगाची मागणी असते, म्हणजे हात आणि यंत्र रिकामे राहत नाहीत.

त्याच गावातल्या गंजिफाची हकीगत वेगळी आहे, कारण तिथे वापरच संपला. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे बारा-बारा असे १२० पत्ते असतात आणि मोगल पद्धतीच्या डावात ९६. कापडाला चिंचोक्याच्या खळीने कडक करून, घोटून, गोल कापून त्यावर चित्रे काढत. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर हा खेळ मागे पडला आणि रंगवणारे हात जवळजवळ संपले. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या जाणकारांकडून ही कला शिकवून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम चालू केले. आज पूर्ण डाव घेणारा माणूस हा संग्राहक किंवा कलेचा जाणकार असतो. एवढे पत्ते हाताने रंगवायला लागणारे दिवस पाहता तो स्वस्त होणे शक्य नाही, आणि तो स्वस्त करूही नये. सामान्य पर्यटकासाठी त्याच मत्स्य-कूर्माच्या चित्रांच्या छोट्या वस्तू करता येतात. गिऱ्हाईक पेल्याखाली ठेवायची चकती घेऊन जाते आणि तिच्या निमित्ताने पूर्ण डावाची माहिती घेते. इथे छोट्या वस्तूने मोठ्या वस्तूला जगवले आहे.

दोन गिऱ्हाइकांसाठी दोन वस्तू याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे कोल्हापुरी चप्पल. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीची शिलाई आणि जाड तळ असलेली जुनी कापशी चप्पल शेतकऱ्याच्या आणि पैलवानाच्या पायात शोभायची. ती वजनदार असते, करकर वाजते आणि पायाला लागू पडायला तिला तेल पाजावे लागते. शहरातल्या मुलीला किंवा पर्यटकाला ती पहिल्याच दिवशी चावते. कारागिरांनी अशा गिऱ्हाइकांसाठी तळ पातळ केला, पट्टे मऊ केले, अंगठा बारीक केला. वाण बदलले, वीण आणि चामडे तेच राहिले. दोन्हींची किंमत वेगळी असते आणि ती सांगायला कोणाला संकोच वाटत नाही, कारण श्रमच वेगळे आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये याच धाटणीच्या चपला श्रेय न देता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रभर संताप झाला आणि कंपनीला त्यामागची भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. कोल्हापूरच्या दुकानांत त्या चर्चेने गिऱ्हाईक आणले, पण ते चोखंदळ होते. खरे चामडे कोणते आणि रेक्झिन कोणते, हे ते विचारू लागले.

वारली चित्रांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. लग्नघराच्या गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा देवचौक हा विधीचा भाग होता, आणि तो सवासिनी काढत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागात कागद आणि रंग पोचवले. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी त्यावर विधीबाहेरची चित्रे काढली आणि ती जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विक्रीसाठी शेत, नाच, मासेमारी, झाडे हे विषय मोकळे आहेत. देवचौक वेगळा. जे देवाचे आहे ते पेल्यावर छापून विकायचे की नाही हे ज्यांचा तो विधी आहे त्यांनीच ठरवायचे असते, आणि बाहेरच्या व्यापाऱ्याने तो निर्णय परस्पर घेणे अन्यायाचे आहे. मशीनवर छापलेल्या वारली नक्षीचे कप ढिगाने विकले जातात. त्यांतून वारली घरात काही येत नाही.

किंमत ठरवताना साध्या वस्तूंचे कारागीर सर्वाधिक नुकसान सोसतात. ते बहुधा फक्त मालाचे पैसे मोजतात. समजा, एका दिवसात सहा परड्या होतात. बांबू आणि रंग यांना १२० रुपये लागले आणि दिवसाची मजुरी ५४० रुपये धरली, तर खर्च ६६० झाला. बाजाराची जागा आणि एसटीचे भाडे यांचा त्या दिवसावर पडणारा वाटा ९० रुपये. एकूण ७५०. सहांपैकी एक परडी डागी निघाली, तर उरलेल्या पाचांवर हा खर्च पडतो, म्हणजे प्रत्येक परडी १५० रुपयांना पडली. अशी परडी ‘बांबूला वीस रुपयेच तर लागलेत’ म्हणून ऐंशीला देणारी बाई दिवसाच्या मजुरीतले ३५० रुपये गमावते, आणि विक्री जितकी जास्त तितके नुकसान मोठे होते. घरातल्या माणसाच्या श्रमाला मजुरी न धरण्याची सवय या धंद्याला फार महागात पडली आहे.

दुकानातून विकायचे तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तिथे कारागिराचा जागाभाड्याचा आणि एसटीचा खर्च वाचतो, म्हणून परडी त्याला १३२ रुपयांना पडते. दुकानदार विक्रीच्या एक तृतीयांश स्वतःकडे ठेवत असेल तर चिठ्ठी २०० ची लागते. हा आकडा ऐकून कारागीर चिडतो. पण दुकानाचे भाडे, वीज, नोकर आणि न खपलेला माल हे सगळे दुकानदाराच्या अंगावर असते. घातक असते ती वेगळीच व्यवस्था. माल जांगडावर ठेवायचा, खपला तर पैसे, आणि ते कधी याची बोली नाही. जांगडावर माल द्यायला हरकत नाही, फक्त किती नग दिले, केव्हा मोजायचे, पैसे किती दिवसांत, मोडलेला नग कोणाचा, हे दोन ओळींत लिहून दोघांनी सही करावी. पहिल्या खेपेला माल थोडा द्यावा. आणि दुकानात २०० ला असलेली परडी शेजारच्या रस्त्यावर स्वतः १५० ला विकू नये. तसे केले की दुकानदार पुढच्या वेळी माल घेत नाही.

घासाघिसीचा प्रश्न यालाच लागून येतो. गावच्या बाईला एक भाव आणि गाडीतून उतरलेल्या माणसाला दुप्पट, ही पद्धत अनेक पर्यटनस्थळी रुळली आहे. तिचा तोटा असा की पर्यटकाला ते कळते, चालक आणि वाटाडे सांगतात, आणि मग सगळ्याच विक्रेत्यांवरचा विश्वास उडतो. वस्तूवर किंमत लिहिलेली असली तर दहा मिनिटांसाठी आलेला माणूस निर्धास्तपणे घेतो. जुन्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला सवलत द्यायची तर नगावर नग द्यावा किंवा डझनाचा भाव वेगळा लिहावा. वाणाच्या पन्नास नगांना कमी दर देणे रास्तच आहे, कारण एकाच मापाचे काम सलग केल्याने वेळही वाचतो.

वस्तू टिकली नाही तर वरची सगळी आखणी वाया जाते. बांबूत पिष्ट असते आणि त्यावर भुंगा जगतो. शोभेची टोपली पर्यटकाच्या घरी सहा महिन्यांत पिठासारखा भुगा गाळू लागली, की तो पुन्हा बांबूला हात लावत नाही. म्हणून पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला पक्का बांबू वापरतात. तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की पिष्ट बरेचसे निघून जाते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवण्याची पद्धत अधिक खात्रीची आहे. ओल्या पट्ट्यांत विणलेली वस्तू सावलीत पूर्ण वाळू द्यावी लागते. कोकणात जून ते सप्टेंबर बुरशीचा काळ असतो, तेव्हा बांबू, चामडे, कापड यांचा साठा बंद खोलीत ठेवून चालत नाही. ओलसर लाकडावर रंग दिला तर वर्षभरात तो तडकतो. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी माल असेल तर आणखी एक अट पाळावी लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारख्या देशांत विमानतळावर लाकूड, बांबू, बिया आणि गवत यांची कडक तपासणी होते आणि कीड किंवा साल दिसली की वस्तू काढून घेतली जाते. त्या प्रवाशाला कापडाची किंवा धातूची वस्तू सुचवणे प्रामाणिकपणाचे ठरते.

काही गोष्टी विकूच नयेत. किनाऱ्यावरच्या बाजारात शंखशिंपल्यांच्या वस्तू सर्रास दिसतात. पण प्रवाळ आणि काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि त्यांची विक्री हा गुन्हा आहे. खेळण्यांनाही नियम लागू आहे. २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी केलेल्या मालाला आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंच्या अधिकृत वापरकर्त्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे कारागीर ओळखपत्र हे फक्त प्रदर्शनात जागा मिळवण्यापुरते कामाचे नाही. सूट असली तरी तोंडात घातल्या जाणाऱ्या खेळण्याला शिसेमिश्रित रंग लावू नये, हे सांगायला कायद्याची गरज पडू नये.

भौगोलिक मानांकनाबद्दलही गैरसमज आहे. वारली चित्रांना २०१४ मध्ये, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले, आणि सावंतवाडीच्या कामालाही ते लाभले आहे. पण ते नाव गावातल्या प्रत्येकाला आपोआप वापरता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ज्या कारागिरांनी ती केलेली नाही त्यांच्या हातात मानांकनाचा कागद नसतो, आणि नक्कल करणाऱ्याविरुद्ध उभे राहताना तो लागतो. वस्तूला लावायची चिठ्ठी मात्र कोणीही आजच करू शकतो. त्यावर करणाऱ्याचे नाव, गाव, वस्तू कशाची, कशी जपायची आणि संपर्काचा नंबर एवढे मराठीत आणि पर्यटकाला कळेल अशा आणखी एका भाषेत असावे. शंभर वर्षांची परंपरा, राजघराण्याचा आश्रय अशा खोट्या गोष्टी चिठ्ठीवर छापणे टाळावे. ‘पांगाऱ्याचे लाकूड, पाण्यात बुडवू नका’ हे वाक्य त्याहून जास्त विश्वास मिळवते.

विकायच्या जागा पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत. बचतगटांना मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जागा मिळते. दिल्लीत दिल्ली हाट १९९४ पासून चालू आहे, आणि हरियाणातला सूरजकुंड मेळा १९८७ पासून भरतो. २०२२ पासून रेल्वे स्थानकांवर ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजनेत स्थानिक वस्तूंचे स्टॉल लागले आहेत, आणि गाडी थांबते त्या थोड्या मिनिटांत खपेल अशी, आधीच बांधलेली, किंमत लिहिलेली छोटी वस्तू तिथे चालते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत टोपली-चटई विणणारे, कुंभार, सुतार, चर्मकार, खेळणी करणारे यांसह १८ व्यवसाय आहेत. तारण न ठेवता पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. मोठ्या प्रदर्शनाला जाण्याआधी प्रवास, राहणे, जेवण आणि घरी बंद पडलेले काम यांचा हिशेब मांडावा. दहा दिवसांच्या प्रदर्शनात गल्ला मोठा दिसतो, पण खर्च वजा जाता हाती काय उरले ते घरी आल्यावर कळते. पहिल्या दोन-तीन वर्षांत जवळच्या जत्रा आणि तालुक्याचे बाजार यांनीच माल आणि मांडणी यांची परीक्षा होते.

पर्यटक निघून गेला तरी फोनवर फोटो पाठवून त्याच्याकडून ऑर्डर घेता येते, आणि यूपीआयमुळे पैसे आगाऊ मिळतात. फोटो वस्तू हातात धरून काढावा, म्हणजे माप कळते. हाताच्या कामात दोन नग तंतोतंत सारखे नसतात, हे आधी सांगितले की नंतरची तक्रार टळते. निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय मोठे काम हाती घेऊ नये. गौरी-गणपतीच्या तोंडावर आलेली बाहेरची ऑर्डर सरळ पुढची तारीख देऊन ठेवावी, कारण त्या दिवसांत गावच्या सुनेचे सूप थांबवता येत नाही, आणि परगावच्या दिवाणखान्यातली टोपली पंधरा दिवस थांबू शकते. खपलेल्या नगांबरोबर न मिळालेल्या नगांचीही नोंद ठेवावी. कोणते माप, कोणता रंग, कोणती वस्तू विचारून गिऱ्हाईक परत गेले, आणि ते गावचे होते, मुंबईहून आलेले होते की पर्यटक होते, हे ज्या वहीत लिहिलेले असते तिच्यावरूनच पुढच्या हंगामाचे नग ठरतात.